निम्मं म्हणजे कितीतलं निम्मं?

 

आज आपण बोलणार आहोत ते आजारांबद्दल नाही, आजारांच्या बातम्यांबद्दल. मोबाईलवर रोज एक तरी येते. ‘हे खा, साखर गायब.’ ‘ही तपासणी करा, कॅन्सर निम्मा.’ खाली लिहिलेलं असतं, ‘संशोधनात सिद्ध.’ हे दोन शब्द आले की आपण गप्प बसतो. संशोधन म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम, त्यात आपण काय बोलणार?

पण गटाच्या बैठकीत आपण अशा गप्प बसतो का? सचिव म्हणाली, ‘यंदा गटाला दुप्पट फायदा झाला,’ तर लगेच मागून आवाज येतो, ‘अगं, आधी किती होता आणि आता किती झाला, ते सांग.’ दोनशेचे चारशे झाले तरी दुप्पटच आणि वीस हजारांचे चाळीस हजार झाले तरी दुप्पटच. आरोग्याच्या बातमीला विचारायचे प्रश्न याहून फारसे वेगळे नाहीत.

घरातल्याच गोष्टीपासून सुरू करू, ज्वारीपासून. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं वाण दिलं. लोह आणि जस्त जास्त असलेली ही देशातली पहिली ज्वारी. साध्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, हिच्यात ४५. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

आता याच्यावरून ‘परभणी शक्तीची भाकरी खा, रक्त वाढवा’ असा मेसेज आला, तर त्याची दोन वाक्यं वेगळी करून बघायची. या दाण्यात लोह जास्त आहे, हे पहिलं वाक्य. ते खरं आहे, प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. ती खाल्ली की बाईचं रक्त वाढतं, हे दुसरं. ते दाणा मोजून कळत नाही. त्यासाठी बायांचं रक्त आधी आणि नंतर मोजावं लागतं, आणि त्याच काळात साधी ज्वारी खाणाऱ्या बायांचंही मोजावं लागतं.

तोपर्यंत आपला हिशेब आपण करू. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ पोटात जातं असं धरलं, तर साध्या ज्वारीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळतं, शक्तीमधून साडेतेरा. म्हणजे साडेचार मिलिग्रॅमचा फायदा. त्यातलंही सगळं अंगी लागत नाही, धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग रक्तात जातो. जेवणात लिंबू पिळलं तर थोडा जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. आशाताई गरोदर बाईला देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेव्हा ज्वारी पेरा, खा, लेकरांना द्या, पण ज्या सुनेचं हिमोग्लोबिन आठवर आलंय तिच्या हातातली गोळी काढून भाकरी देऊ नका. (बीटाचंही असंच. लाल रंग म्हणजे लोह नव्हे. बीटात लोह बेताचंच असतं, ही गोष्ट आम्ही कितीदा सांगितली तरी पुढच्या बैठकीत बीट हजर असतंच.)

मघाशी म्हटलं की साधी ज्वारी खाणाऱ्या बायांचंही रक्त मोजायला हवं. ते कशाला? याचं उत्तर गडचिरोलीत सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ पासून तिथं नवजात बाळांवर काम केलं. ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. शेजारच्या ४७ गावांत सरकारी सेवा जशी होती तशीच चालू राहिली, तिथं फक्त मोजणी झाली. सुरुवातीला दोन्हीकडे जन्मलेल्या हजार बाळांमागे साठाच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हा आकडा पंचविसाच्या जवळ आला. ४७ गावांत तो साठाच्या जवळच राहिला.

समजा त्यांनी ती ४७ गावं मोजलीच नसती. मग कुणीही म्हणालं असतं, पाऊसपाणी बरं झालं, रस्ता आला, म्हणून बाळं वाचली. पाऊस तर दोन्हीकडे पडला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आलं. आज बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा करत बेचाळीस दिवसांपर्यंत तुमच्या घरी काटा आणि थर्मामीटर घेऊन येतात, त्याचं मूळ त्या अभ्यासात आहे. म्हणून सगळं संशोधन थोतांड असतं असं म्हणणाऱ्यांच्या नादी आम्ही लागत नाही. पण तुलना कुणाशी केली, हे विचारल्याशिवाय पुढंही जात नाही.

आता आपल्या मराठवाड्यातल्या एका अभ्यासाकडे येऊ. यावर जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण तो आपल्यासारख्याच बायांवर झाला आणि जगभरात त्याचा दाखला देतात. जागा धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. विषय पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवरची संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. एका भागातल्या बायांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्या भागात पेशींची काचपट्टीवरची तपासणी, तिसऱ्या भागात व्हिनेगरसारखं पाणी लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या भागात यातली एकही नाही, तिथं नेहमीची सेवाच चालू.

चिठ्ठ्या कशाला, असं तुम्ही विचाराल. ज्यांना यायचं त्या या, असं म्हटलं असतं तर कोण आल्या असत्या? ज्यांना घरून परवानगी मिळते, ज्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालते, ज्या मुळातच तब्येतीला जपतात. त्या तशाही जास्त जगल्या असत्या आणि श्रेय तपासणीला गेलं असतं. चिठ्ठीला कुणाची परिस्थिती दिसत नाही.

आठ वर्षं या बायांवर लक्ष ठेवलं आणि २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गावांत या कॅन्सरनं ३४ बाया दगावल्या. काहीच तपासणी न मिळालेल्या गावांत ६४. बातमी झाली, ‘एका तपासणीनं मृत्यू निम्मे.’ बातमी खरी आहे. आता आपला प्रश्न, कितीतले? पहिल्या भागात ३४,१२६ बाया होत्या, दुसऱ्यात ३१,४८८. म्हणजे आठ वर्षांत दहा हजार बायांमागे वीस मृत्यू व्हायचे, ते दहा झाले.

हा आकडा ऐकून काहीजणींना वाटेल, एवढंच? आणि काहीजणींना वाटेल, दहा हजारांत दहा आया वाचल्या. दोन्ही बरोबर आहे. नुसतं ‘निम्मे’ ऐकलं असतं तर आपल्या मनात आलं असतं की शंभरातल्या पन्नास जणी मरत होत्या. भीती तिथूनच विकली जाते.

याच अभ्यासात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे. तपासणी झालेल्या भागात कॅन्सर सापडले १२७, न झालेल्या भागात ११८. ‘तपासणी केली की कॅन्सर होतो’ असा मेसेज कुणी यावरून करू शकेल, आणि त्यातले आकडे खोटेही नसतील! पण पुढची ओळ वाचायला हवी. न तपासलेल्या ११८ पैकी ८२ जणींचा कॅन्सर कळेपर्यंत वाढलेला होता. तपासलेल्या १२७ पैकी वाढलेले फक्त ३९. बाकीच्यांचा लवकर सापडला, म्हणून त्या वाचल्या. किती सापडले यापेक्षा कधी सापडले आणि शेवटी किती दगावल्या, हे मोजायचं.

एकच अभ्यास पुरत नाही, हेही इथंच दिसतं. धाराशिवला व्हिनेगरच्या पाण्याच्या तपासणीचा मृत्यूंवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. तिथं ती एकदाच केली होती. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानंच ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्याही डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ‘ती तपासणी निरुपयोगी’ असं लिहिणाराही अर्धंच सांगतो आणि ‘रामबाण’ लिहिणाराही.

एक गोष्ट मात्र आम्हाला टोचते आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. ते ६४ मृत्यू म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्याच ६४ बाया. तपासणीनं जीव वाचतात हे इतर देशांत आधीच माहीत असताना चौथ्या भागातल्या बायांना ती का दिली नाही, असा प्रश्न पुढं डॉक्टरांमधूनच जोरात विचारला गेला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की तेव्हा तिथं अशी सेवाच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही. आम्हाला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. ज्यांच्या अंगावर ज्ञान उभं राहतं त्यांना त्याचा वाटा पहिल्यांदा मिळायला हवा. उद्या आपल्या गावात कुणी अभ्यासाला आलं तर हा प्रश्न आधी विचारा, मग कागदावर सही करा.

आता पिशवीच्या ऑपरेशनकडे वळू. ‘अंगावरून पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ हे वाक्य तुम्ही सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ऐकलं असेल, नाहीतर बहिणीनं, जावेनं ऐकलं असेल. ही काही छापील बातमी नाही. पण हा आरोग्याबद्दलचा दावाच आहे, आणि मोबाईलवरच्या मेसेजपेक्षा महाग पडतो.

त्याचे दोन तुकडे करू. पांढरं जाण्याबद्दल डॉ. राणी बंग यांचाच आणखी जुना अभ्यास आहे, १९८९ साली छापलेला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, तर शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली. त्यातल्या निम्म्या तक्रारी जंतुसंसर्गाच्या, म्हणजे बहुतेक गोळ्याऔषधांनी बऱ्या होणाऱ्या. ९२ टक्के बायांच्या पिशव्या काढायच्या, असा त्याचा अर्थ लावला तर गावात पिशवी उरणार नाही.

कॅन्सरच्या भीतीचा हिशेब धाराशिवच्याच आकड्यांतून करता येतो. तिथं एचपीव्ही तपासणी झालेल्या शंभर बायांमागे साधारण दहा जणींचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला. पुढच्या तपासणीत, कॅन्सर होण्याआधीचा गंभीर बदल शंभरात जेमतेम एकीला निघाला. बाकीच्या नऊ जणींना विषाणू होता, पण तो बदल नव्हता. बहुतेक बायांचं शरीर हा विषाणू आपणहून घालवतं. आणि ज्या एकीला बदल निघाला, तिचाही तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. पूर्ण पिशवी काढावी लागतेच असं नाही.

पिशवी काढणं कधीच बरोबर नसतं, असं आम्ही म्हणत नाही. मोठ्या गाठी आणि औषधानं न थांबणारा रक्तस्राव, अंग पूर्ण बाहेर येणं, खरोखरचा कॅन्सर, अशा वेळी ते ऑपरेशन जीव वाचवतं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, रक्तमिश्रित वासाचं पाणी जात असलं, तर एक दिवसही घरी काढू नका. पण नुसत्या पांढऱ्या जाण्यावरून, एका सोनोग्राफीच्या कागदावरून ‘उद्याच भरती व्हा’ म्हणत असतील तर विचारायचं, कॅन्सरची भीती कोणत्या तपासणीवरून सांगताय? पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? तुकडा तपासायला पाठवला का? गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला का? बीजकोशही काढणार का? बीजकोश गेले तर बाईला एकदम म्हातारपणाच्या तक्रारी सुरू होतात, हाडं झिजतात, आणि कोयता तर पुढची वीस वर्षं उचलायचा असतो.

कोयत्याचा विषय निघालाच, तर बीडची बातमी तुम्हाला आठवत असेल. ऊसतोड करणाऱ्या बायांपैकी ३६ टक्के बायांची पिशवी काढलेली आहे, असं २०१९ मध्ये देशभर छापून आलं. तो आकडा २०० बायांच्या पाहणीतला होता. पुढं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली, त्यात १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. भागाकार केला तर शंभरात सतरा. दोनशे बायांमधला आकडा कुणाला निवडून भेटलो त्यावर बराच वरखाली होतो, ब्याऐंशी हजारांमधला तेवढा होत नाही. म्हणून सतराच धरायचा. पण सतरा हा काही सुटकेचा आकडा नव्हे, सहा बायांमागे एक. ३६ खोटा ठरला म्हणून प्रश्नच खोटा, असं कुणी म्हणालं तर त्याला हे गणित दाखवा. आपल्या गंगाखेड, सोनपेठकडूनही टोळ्या जातात, फडात पाळीच्या दिवसांतही खाडा झाला की पैसे कापले जातात. भीतीचं वाक्य तिथं लवकर रुजतं.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असं सांगितलं. जिल्ह्याच्या पातळीवर देखरेख समिती असावी, हे त्यात आहे. कुणावर अशी बळजबरी झाली असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात गटाच्या नावानं लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. जून २०२० मध्ये, करोना भरात असताना, पतंजलीनं ‘कोरोनिल’ काढलं आणि सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे झाल्याचं सांगितलं. पाठीमागे चाचणी होती, पण जेमतेम शंभर रुग्णांची, आणि तेही सौम्य किंवा लक्षणं नसलेले. सौम्य करोना बहुतेकांचा आपोआपच बरा होत होता. उत्तराखंडच्या आयुष विभागानं सांगितलं की परवाना प्रतिकारशक्ती आणि सर्दीतापाच्या औषधाचा दिला होता. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचं नाव जोडलं गेलं, तेव्हा त्या संघटनेनं अशा कोणत्याही पारंपरिक औषधाला आपण प्रमाणित केलेलं नाही, असं जाहीर केलं. शेवटी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून या कंपनीला फटकारलं आणि तिला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. बातमी आली होती पहिल्या पानावर आणि टीव्हीवर. माफीचा मेसेज मात्र कुणाच्या गटावर फिरलेला आम्ही पाहिला नाही.

आपल्याकडे यासाठी १९५४ पासून कायदा आहे, औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. मधुमेह, कॅन्सर, लठ्ठपणा, वांझपण, पाळीच्या तक्रारी अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. त्यामुळे बाजारच्या दिवशी ‘साखर मुळापासून घालवतो’ असा फलक लावलेली गाडी दिसली, तर औषध चांगलं की वाईट हा वाद घालत बसायची गरज नाही. फलकाचा फोटो काढा, बाटलीवरचा पत्ता आणि परवाना क्रमांक टिपा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला पाठवा.

आणि ज्या तपासणीबद्दल एवढं बोललो, ती सरकारी कार्यक्रमात आहे. ३० ते ६५ वयाच्या बाईनं पाच वर्षांतून एकदा पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची असते, व्हिनेगरच्या पाण्याची. पाच-सात मिनिटांचं काम, भूल लागत नाही. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, पाळी संपल्यावर जा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते, हे आशाताईंना या आठवड्यात विचारा. ‘होत नाही’ असं उत्तर मिळालं तर गावाचं नाव आणि तारीख लिहून आम्हाला कळवा. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात आम्ही ती यादी वाचून दाखवणार आहोत.